मदत हवी आहे: ५० एमएमची छोटी लेन्स घेतली, फोटोच निघत नाही (परवा खांदशेकणी आहे!)

पऱ्हाटीवाला | बुधवार, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. मागच्या आठवड्यात नागपुरातून जुनी ५० एमएम एफ १.८ घेतली, ४५०० ला. सगळे म्हणतात छोटी फिक्स (झूम नसलेली) लेन्स घे, स्वस्तात अंधारातले फोटो भारी येतात. आज लावली. बटण दाबतो तर काहीच होत नाही. जुनी लेन्स लावली की सगळं सुरळीत, म्हणजे कॅमेऱ्याला काही झालेलं नाही. परवा खांदशेकणी, तेरवा पोळा. आबाजी या पोळ्यानंतर बैलजोडी काढून टाकणार आहेत, त्यामुळे यंदाचे फोटो पाहिजेच. गोठ्यात एकच बल्ब आहे आणि फ्लॅश मारला की ढवळ्या बिचकतो. दुकानवाला फोन उचलत नाही. लवकर सांगा.

तर्रीपोहा | ९:४६
कॅमेरा कोणता हाय?

पऱ्हाटीवाला | ९:४७
निकॉन.

तर्रीपोहा | ९:४७
निकॉन तं कंपनी झाली राजा. मॉडेल सांग.

जंगलवेडा | ९:५८
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ५० घेऊन चूक केलीत. त्यात थोडे पैसे टाकून जुनी ७०-३०० ची लांबची झूम लेन्स मिळाली असती. मी ताडोब्याला मोहर्लीच्या बाजूने गेलो होतो तेव्हा वाघीण रस्त्यावरच बसलेली, आणि शेजारच्या जिप्सीत एक जण ५० एमएम घेऊन आलेला. त्याच्या फोटोत वाघीण शोधावी लागत होती.

अंबाडीची भाजी | १०:०१
त्यांना बैलाचा फोटो काढायचा आहे हो. गोठ्यात. बैल दोन हातांवर उभा असतो.

नाईटमोड | १०:०५
कशाला हा सगळा खटाटोप? आजकालचा कुठलाही बरा मोबाइल घ्या, नाइट मोड लावा, झालं. मागचं धूसर करणारा बोकेसुद्धा येतो.

तर्रीपोहा | १०:०९
नाइट मोडमधी बैल दोन सेकंद गप उभा राहते काय? मागच्या साली माह्या भाच्यानं काढला होता. चार शिंगं आन् अडीच शेपट्या आल्या.

जुना रोल | १०:२२
पऱ्हाटीवाले, तीन गोष्टी नीट बघून सांगा. एक, लेन्सवर १.८ च्या आसपास 'डी' लिहिलंय की 'जी'? दोन, लेन्सच्या मागच्या बाजूला, कॅमेऱ्याजवळ, १.८ पासून २२ पर्यंत आकडे असलेली फिरणारी कडी आहे का? तीन, बटण दाबल्यावर डोळा लावून बघायच्या खिडकीत काही चमकतं का?

पऱ्हाटीवाला | १०:३०
डी आहे. आकड्यांची कडी आहे, मी १.८ वर ठेवली आहे, अंधारात १.८ च पाहिजे ना. खिडकीत एफ ई ई असं काहीतरी चमकते. मागच्या स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ पण येते, ती मी लगेच बटण दाबून घालवतो. ते महत्त्वाचं आहे का?

अंबाडीची भाजी | १०:३१
देवा.

जुना रोल | १०:४०
तेच तर महत्त्वाचं आहे. ती ओळ तुम्हाला उपायच सांगत होती. कडी २२ वर फिरवा, नारिंगी आकडा असेल तो. शेजारी एक बारीक खटका आहे, तो सरकवून कडी तिथेच अडकवून टाका आणि विसरून जा. छिद्र किती उघडायचं (आकडा लहान तितकं छिद्र मोठं) ते आता कॅमेऱ्याच्या चाकावरून ठरवायचं, तिथे १.८ लावा. ही कडी फिल्मच्या जमान्यातल्या कॅमेऱ्यांसाठी होती. तुमच्या कॅमेऱ्याला ती २२ वर दिसली नाही तर तो शटरच सोडत नाही.

पऱ्हाटीवाला | १०:४८
निघाला!!! निघाला फोटो! पण सगळा धुरकट. ती आतून किर्र करून फोकस होते ना, तशी होतच नाही. लेन्सवर ए-एम (ऑटो-मॅन्युअल) चं बटण पण नाही. म्हणजे दुकानवाल्यानं खराबच दिली.

तर्रीपोहा | १०:५०
मॉडेल. सांग.

पऱ्हाटीवाला | १०:५३
डी ३२००. आत्याच्या पोराचा आहे, तो पुण्याला गेला तर मला देऊन गेला.

तर्रीपोहा | १०:५७
हे पहिलेच सांगतलं असतं तं एक तास वाचला असता बाप्पा. लेन्स खराब नाई. या डी वाल्या लेन्समधी मोटरच नसते. कॅमेऱ्याच्या तोंडाशी एक स्क्रूसारखा दांडा असते, थो फिरते आन् लेन्सचा फोकस फिरवते. डी ९०, डी ७०००, डी ७२०० मधी थो दांडा हाय. तुह्या ३००० च्या आन् ५००० च्या घरातल्या कॅमेऱ्यात नाई. फोकस हातानं करा लागते. तुले 'एएफ-एस' लिहिलेली, मंजे आत मोटर असलेली पाहिजे होती. उद्याच गाडी पकड, नागपूरले जा आन् बदलून आण.

वर्धेकर | ११:१०
त्यात उजेड मोजणारं मीटरही चालणार नाही. एम (मॅन्युअल) मोडवर टाकून अंदाजाने शटर ठरवावं लागेल. मी असाच फसलो होतो.

जुना रोल | ११:१६
वर्धेकर, तुमची लेन्स त्याहून जुनी, बिनचिपची असणार. 'डी' च्या मागे सोनेरी ठिपके असतात, चिप असते. मीटर व्यवस्थित चालतं. उगाच घाबरवू नका त्यांना.

आणि तर्रीभाऊ, दारव्ह्याकडून नागपूरला जाऊन यायला अख्खा दिवस जाईल, वर दुकानवाला फोन उचलत नाहीये. परवा खांदशेकणी आहे. हाताने फोकस करणं काय जगावेगळं आहे? आमची सगळी उमर त्यात गेली.

तर्रीपोहा | ११:१९
तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात खिडकी मोठी होती, मधी फाटलेलं चित्र जुळवायची सोय होती. ३२०० च्या खिडकीतून पाहणं म्हणजे खिळ्याच्या भोकातून पाहणं. नवीन माणसाले काय दिसन तिथं?

जुना रोल | ११:३०
दिसण्याची गरजच नाही. पऱ्हाटीवाले, मेनूत फोकस 'एमएफ' (हाताने) करा. खिडकीत मधला ठिपका बैलाच्या डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबून धरा आणि लेन्सची पुढची कडी हळूहळू फिरवा. खाली कोपऱ्यात हिरवा गोल ठिपका स्थिर पेटला की फोकस जुळला. मोटर नसली तरी जुळलं की नाही हे कॅमेऱ्याला कळतं. बैल शांत उभा असेल तर मागच्या स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यू लावून भिंगाच्या बटणाने मोठं करून बघा, ते अजून अचूक.

दुसरं, १.८ चा मोह सोडा. एक मीटरवरून १.८ ला काढलात तर जेमतेम तीन सेंटिमीटर जागा धारदार येते. डोळा साधला तर शिंगाचं टोक गेलं. २.८ ठेवा आणि तीन मीटर मागे सरका, तिथे साधारण ४० सेंटिमीटर मिळतात. तेवढ्यात थोडं चुकलं तरी निभावतं.

नाईटमोड | ११:३४
मग २.८ च ठेवायचं तर १.८ ची लेन्स कशाला घेतली? 😀

अंबाडीची भाजी | ११:४१
कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ५५ वर ५.६ च्या पुढे उघडत नाही म्हणून. २.८ म्हणजे चौपट उजेड. १.८ म्हणजे जवळजवळ दहापट. एका बल्बच्या गोठ्यात हा फरक पाच-दहा पैशांचा नाही.

माझा अनुभव सांगते, मोटरवाली ३५ एमएम एफ १.८ आहे माझ्याकडे, २०० ग्रॅमची. आधी किट लेन्स असताना मी उभी राहिल्या जागी झूम फिरवत बसायची. ३५ लावल्यापासून पाय हलतात. शाळेच्या पिशवीत डब्याशेजारी मावते, पोरं बुजत नाहीत. मोठी लेन्स बाहेर काढली की लगेच शर्टाची बटणं लावून रांगेत उभी राहतात. खरं तर तुम्हीही ३५ च घ्यायला हवी होती. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान, म्हणून ५० एमएम त्यावर ७५ सारखी वागते. तीन मीटरवरून जेमतेम १.४ मीटर रुंदी मावते, त्यात अख्खा बैल बसत नाही. ३५ मध्ये दोन मीटर मावते.

वर्धेकर | ११:५०
५० ला नावं ठेवू नका. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक सगळं काम ५० वर केलं. गांधीजींचा चरख्यासमोरचा फोटो त्याचाच ना, आमच्या सेवाग्रामचा?

जुना रोल | ११:५८
नाही. चरख्याचा फोटो मार्गारेट बर्क-व्हाइटचा, १९४६ चा, आणि तो पुण्यात काढलेला आहे. ब्रेसाँ गांधीजींना भेटला तो दिल्लीत, जानेवारी १९४८ मध्ये, हत्येच्या जरा आधी. आणि त्याची ५० लायका कॅमेऱ्यावर होती, पूर्ण ३५ मिलिमीटर फिल्मवर. ताई म्हणतात ते बरोबर आहे, पऱ्हाटीवाल्यांच्या कॅमेऱ्यावर तो हिशोब ३५ च्या जवळ जातो.

वर्धेकर | १२:०३
सेवाग्रामचा नाही? पाहुण्यांना आजवर किती वेळा सांगितलं असेल मी.

जंगलवेडा | गुरुवार, सकाळी ७:१५
लेन्स नागपुरातून जुनी घेतली म्हणालात. बुरशी बघितली का? आरपार टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर परत करा. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात ठेवलेली लेन्स एका मोसमात जाते. माझी एक गेली.

नाईटमोड | ७:२२
तांदळाच्या डब्यात ठेवा.

जंगलवेडा | ७:२५
तांदळाची भुकटी फोकसच्या कडीत जाते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर गरम करून परत वापरायच्या.

पऱ्हाटीवाला | ८:०५
टॉर्च मारली, जाळं नाही, धूळ आहे थोडी. नागपूरला जात नाही, फवारणी चालू आहे. रात्री कोंबडीवर फोकसचा सराव केला. हिरवा ठिपका पेटतो, पण पेटेपर्यंत कोंबडी जाते.

तर्रीपोहा | ८:११
कोंबडीवर कोणी सराव करते काय. रांजणावर कर.

अंबाडीची भाजी | ८:३०
गोठ्यातला बल्ब एलईडी असेल तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, नाहीतर कधीकधी फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आबाजींचे हात नक्की घ्या. आमच्याकडे आता जोडी नाही, पळसाच्या पानानं खांद्याला हळद-तूप लावताना बाबा बैलाशी हळू आवाजात काय बोलायचे ते मला कधी ऐकू आलं नाही. तेव्हा कॅमेराही नव्हता.

नाईटमोड | ८:३४
'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' म्हणतात ना ते?

अंबाडीची भाजी | ८:३६
ते मोठ्यानं म्हणायचे. त्याच्या आधीचं म्हणतेय मी.

पऱ्हाटीवाला | शनिवार, रात्री १०:५०
मंडळी, काल लिहायला जमलं नाही, आज पोळा फुटल्यावर बसलो. एकूण २१२ काढले. शंभराच्या वर तर उघडून न बघता टाकून द्यायचे आहेत. खांदशेकणीचे ३० एक बरे आलेत. अख्खा बैल एकातही बसला नाही, मागं सरकायला गव्हाणी आडवी आली. पण आबाजींचा हात, पळसाचं पान आणि ढवळ्याचा खांदा असा एक आहे, हळद ओली दिसते, मागं सगळं अंधारात विरघळलं आहे. ढवळ्या बिचकला नाही. आबाजीला दाखवला तर म्हणे, थोबाड कुठं गेलं बैलाचं?

आज तोरणाखाली मात्र उजेड होता, तिथं किट लेन्सच बरी पडली. झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणताना माणसं सारखी हलतात, हिरवा ठिपका पेटायला वेळच मिळत नाही. दुकानवाल्यानं आज फोन उचलला. ३५ देतो म्हणतो, ही परत घेऊन वर साडेतीन हजार मागतो. द्यावे का?

तर्रीपोहा | १०:५८
एएफ-एस लिहिलं हाय का पाय पहिले. आन् मंग दे.

जुना रोल | ११:०२
देऊ नका. ही ठेवा. असला फोटो हातानं जुळवून काढलात ना? ३५ नंतर कधीतरी येईल.

अंबाडीची भाजी | ११:०५
घ्या हो, पुढच्या वर्षी जोडी नसली तरी घरात माणसं असतीलच. आणि तो हाताचा फोटो इथे टाका आधी.

जुना रोल | ११:०७
टाकताना आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि शटर किती होतं तेही लिहा.

पऱ्हाटीवाला | ११:११
ते कुठं दिसते?