जावेच्या घरातली राजकन्या

गोदातीर: 'खरडवही' यांनी काल ग्रीसच्या राजकन्या अ‍ॅलिसबद्दल लिहिलं, "सुखवस्तू बाई. राजवाड्यातून निघाली आणि पॅरिसजवळच्या बंगल्यात उतरली, याला काय वनवास म्हणायचं?" रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा.

१९२२ मध्ये ग्रीक सैन्य तुर्कांकडून हरलं. खापर फोडायला डोकी हवी होती. पाच राजकारणी आणि एक सेनापती, सहा जणांना गोळ्या घातल्या. अ‍ॅलिसचा नवरा आंद्रेआस सैन्यात अधिकारी. त्याच्यावरही खटला चालला आणि जन्मभराची हद्दपारी झाली. सगळं कुटुंब ब्रिटिश युद्धनौकेवरून निघालं, तिथे दीड वर्षाच्या मुलाला, फिलिपला, निजवायला संत्र्यांचं खोकं होतं. (हाच पुढे एलिझाबेथ राणीचा नवरा.) आणि तो पॅरिसजवळचा बंगला? तो थोरल्या जावेचा, मेरी बोनापार्टचा. जावेच्या घरात पोरंबाळं घेऊन आश्रयाला राहणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगायला नको. अ‍ॅलिस जन्मापासून बहिरी. ओठ वाचून बोलणं समजून घ्यायची.

खरडवही: त्याच वर्षी आजच्या तुर्कस्तानातलं स्मर्ना शहर जळत होतं. तेव्हा आणि पुढच्या वर्षीच्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या अदलाबदलीत मिळून १२ लाखांच्या आसपास ग्रीक ख्रिश्चन ग्रीसमध्ये आले, चार लाखांच्या घरात मुसलमान तुर्कस्तानात गेले. त्यांना न्यायला कुणाची युद्धनौका आली होती? माझे आजोबा १९४७ साली कराचीहून बोटीने मुंबईला उतरले. हातात एक ट्रंक, खिशात घराची किल्ली. ती किल्ली अजून आमच्या देवघरात आहे. आणि या राजकन्येचा धाकटा सख्खा भाऊ कोण? माउंटबॅटन! त्या घराण्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी येणार नाही.

गोदातीर: भावाचं पाप बहिणीच्या माथी कशाला? पॅरिसमध्ये ती ग्रीक निर्वासितांच्या मदतीसाठी चालवलेल्या दुकानात काम करत होती. तुमच्या त्या १२ लाखांतल्याच लोकांसाठी.

सांजवात: तुम्ही दोघं १९२२ मध्येच अडकलात. खरा वनवास १९३० चा. तिला देवाचे संदेश ऐकू यायला लागले, हातांत रोग बरे करायची शक्ती आहे असं ती म्हणायची. मे महिन्यात मुलांना दिवसभरासाठी बाहेर पाठवलं, सुई टोचून गुंगी आणली आणि स्वित्झर्लंडमधल्या सॅनेटोरियममध्ये नेऊन ठेवलं. मनोविश्लेषक फ्रॉइडचा सल्ला काय, तर बीजकोशांवर एक्स-रे मारा! पुढच्या सव्वा वर्षात चारही मुलींची लग्नं झाली. आई एकाही लग्नाला नव्हती. फिलिप आठ वर्षांचा.

माझ्या मावशीला १९८७ मध्ये असंच नेलं. मुलांना आजोळी धाडलं, "चष्म्याचा नंबर बदलून आणू" म्हणून तिला रिक्षात बसवलं. ओट्यावर भिजवलेला साबुदाणा तसाच राहिला, माझ्या आईने दुसऱ्या दिवशी टाकून दिला. म्हणून या बाईला कुणी 'सुखवस्तू' म्हटलं की माझा तोल जातो.

तिठा: सगळ्यांना असंच फसवून कोंडतात, हे पसरवू नका. माझ्या थोरल्या भावालाही आवाज ऐकू यायचे. "लोक काय म्हणतील" म्हणून आईने सहा वर्षं डॉक्टरकडे नेलं नाही. अंगारे, धुपारे, वाऱ्या. शेवटी नेलं तेव्हा उशीर झाला होता. अ‍ॅलिसला आजार होता. तिच्या घरच्यांनी निदान दखल तरी घेतली.

सांजवात: दखल घेणं वेगळं आणि फसवून नेणं वेगळं! तिला विचारलं का कुणी?

तिठा: आजारी माणूस 'हो' म्हणेपर्यंत थांबायचं? आम्ही थांबलो होतो, ताई.

सांजवात: तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं, मनापासून. उपचार नकोत असं मी म्हणतच नाही. पण मावशी दोन वर्षांनी परत आली तेव्हा धाकटा तिला "काकू" म्हणाला. ते मी दारात उभी राहून ऐकलंय.

तिठा: फसवणुकीचं मान्य. बाकी नाही.

गोदातीर: मूळ मुद्द्यावर या. हीच बाई १९३८ मध्ये अथेन्सला परतली, महायुद्धात तिथेच राहिली. जावई जर्मन सैन्यात, आणि हिने कोहेन नावाच्या ज्यू कुटुंबातल्यांना स्वतःच्या घरात लपवलं. हिटलरचे गुप्त पोलीस, गेस्टापो, चौकशीला आले तेव्हा बहिरेपण पुढे केलं, काही कळतच नाही असं दाखवलं. देश सुटणं म्हणजे काय हे भोगल्याशिवाय कुणी दुसऱ्यासाठी दार उघडत नाही, असं मला वाटतं.

खरडवही: हे शेवटचं वाक्य पटलं नाही. आमच्या आजोबांना वडाळ्यात खोली देणाऱ्या घरमालकाने आयुष्यात मुंबई सोडली नव्हती. पण कोहेन कुटुंबाचं मला माहीत नव्हतं. 'सुखवस्तू' हा शब्द मागे घेतो. माउंटबॅटनबद्दलचं एक अक्षरही नाही.

गोदातीर: घेऊ नका. १९६७ मध्ये लष्करशाही आली आणि ती पुन्हा ग्रीसमधून निघाली. १९६९ मध्ये बकिंगहॅम पॅलेसमध्ये वारली. जेरुसलेमला पुरा, एवढंच मागितलं होतं; त्याला १९८८ उजाडलं.

सांजवात: तिठा, भाऊ आता कसा आहे?

तिठा: २०११ मध्ये गेला. त्याचा रेडिओ माझ्याकडे आहे.