ह्यूमन सीरम अल्ब्युमिन आणि क्वेर्सेटिन: क्वेंचिंगचा आकडा कितपत खरा मानावा?

प्रश्न: एमएस्सी_भाग२

नमस्कार. मी पुण्यात जैवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कांद्याच्या सालीत विपुल असणारे क्वेर्सेटिन मानवी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला किती घट्ट बांधले जाते, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. सुरुवातीला मार्केट यार्डातून आणलेल्या लाल कांद्याच्या सालींचा अर्क वापरला होता. परंतु त्यात इतर रंगद्रव्येही उतरत असल्याने आता विकतचे शुद्ध क्वेर्सेटिन घेतले आहे.

अल्ब्युमिन 2 मायक्रोमोलर, फॉस्फेट बफर पीएच 7.4 चे, उत्तेजन 280 नॅनोमीटरला आणि उत्सर्जन 340 च्या आसपास, अशी मांडणी आहे. क्वेर्सेटिन 20 मायक्रोमोलरपर्यंत वाढवल्यावर प्रतिदीप्तीची (प्रथिनाने सोडलेल्या प्रकाशाची) तीव्रता 1000 वरून 250 वर येते; हेच क्वेंचिंग. क्वेर्सेटिनच्या मात्रेनुसार ही घट दाखवणारा स्टर्न-व्होल्मर आलेख आधी सरळ जातो आणि पुढे वरच्या बाजूला वळतो. ही सगळी घट बंधनामुळेच झाली असे लिहिता येईल का? मानवी अल्ब्युमिन महाग असल्यामुळे उरलेले प्रयोग गाईच्या अल्ब्युमिनवर केले तर चालतील का? शिवाय ओळखीच्या एका डॉक्टरांकडून मुदत संपलेली 20 टक्के अल्ब्युमिनची बाटली मिळण्यासारखी आहे. ती वापरावी का?

उत्तर १: पाषाणकर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण अल्ब्युमिनवर काम करणारे अनेक विद्यार्थी नेमके इथेच फसलेले मी पाहिले आहेत. क्वेर्सेटिनचे शोषण 370 नॅनोमीटरच्या आसपास भरपूर असते आणि 340 लाही ते बरेच शिल्लक राहते. 280 लाही ते शून्य नसते. त्यामुळे प्रथिनाकडे निघालेला प्रकाश ते काही प्रमाणात वाटेतच शोषून घेते आणि प्रथिनाने सोडलेला प्रकाशही क्युव्हेटच्या बाहेर पडण्याआधी अडवते. एकही रेणू बांधला गेला नसला तरी तीव्रता घटलेली दिसते. हा इनर फिल्टर परिणाम होय, आणि तुमचा आलेख वर वळण्यामागेही बहुधा तोच असावा.

दुरुस्ती अवघड नाही. प्रत्येक नमुन्यात क्वेर्सेटिनमुळे वाढलेले शोषण दोन्ही तरंगलांबींना मोजावे, त्यांच्या बेरजेची निमपट घ्यावी, 10 चा तेवढा घात काढावा आणि त्याने तीव्रतेला गुणावे. उदाहरणादाखल, शेवटच्या नमुन्याचे शोषण उत्तेजनाला 0.20 आणि उत्सर्जनाला 0.30 धरले, तर निमपट 0.25 येते आणि गुणक सुमारे 1.78. म्हणजे तुमचे 250 हे खरे 445 ठरतात. घट 75 टक्क्यांवरून 55 टक्क्यांच्या आसपास येते, आणि स्टर्न-व्होल्मर स्थिरांक तर निम्म्याहूनही खाली उतरतो. एवढा फरक पडत असताना दुरुस्तीविना आकडा छापणे मला तरी योग्य वाटत नाही.

पडताळणीसाठी अल्ब्युमिनच्या जागी एन-असेटिल ट्रिप्टोफॅनामाइड (प्रथिनात प्रकाश देणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे सुटे रूप) घेऊन तीच मालिका पुन्हा करा. त्यात क्वेर्सेटिन जाऊन बसेल अशी खोबण नाही, त्यामुळे दुरुस्तीनंतर तिथे घट जवळपास उरता कामा नये.

उत्तेजन 280 ऐवजी 295 ला ठेवा. मानवी अल्ब्युमिनच्या 585 अमिनो आम्लांत टायरोसिन 18 आहेत, ट्रिप्टोफॅन मात्र एकच, 214 व्या स्थानी. 295 ला जवळजवळ त्या एकाचाच प्रकाश मिळतो. हा ट्रिप्टोफॅन दोन-ए उपक्षेत्रात, म्हणजे प्रथिनाच्या घडीच्या एका ठरावीक भागात, आहे. सडलो आणि सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात ओळखलेले पहिले औषधस्थान तेच, वॉरफॅरिन हे रक्ताची गुठळी रोखणारे औषध बसते ते. गाईच्या अल्ब्युमिनमध्ये ट्रिप्टोफॅन दोन असतात. एक याच जागेशी जुळणारा, तर दुसरा पहिल्या क्षेत्रात, पृष्ठभागाजवळ. तिथे मिळणारा संकेत दोघांचा मिसळलेला असतो. हात बसवण्यासाठी ते खुशाल वापरा, परंतु त्याचे आकडे मानवी अल्ब्युमिनच्या आकड्यांना जोडून एक निष्कर्ष काढू नका.

आणखी एक. दुहेरी लॉगच्या आलेखातून येणाऱ्या 'एन'ला बंधनस्थानांची संख्या म्हणण्याची चाल पडली आहे. तो केवळ रेषेचा उतार आहे, आणि एकूण क्वेर्सेटिनची मात्रा मोकळ्या क्वेर्सेटिनच्या जागी घातली की तोही बिघडतो. स्थानांची संख्या सांगायची असेल तर बंधनाची उष्णता मोजणाऱ्या समतापी कॅलरीमापनासारखी वेगळी पद्धत जोडीला हवी.

उत्तर २: अतिदक्षता_विभाग

ती बाटली वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मी रोज या बाटल्या हाताळते, म्हणून कारण सविस्तर लिहिते. विषाणू निष्क्रिय करण्यासाठी हे द्रावण 60 अंश सेल्सिअसला 10 तास तापवतात. त्या उष्णतेत प्रथिन टिकावे म्हणून सोडियम कॅप्रिलेट आणि अनेक उत्पादनांत त्याच्या जोडीला सोडियम असेटिल ट्रिप्टोफॅनेट घातलेले असते, सामान्यतः प्रत्येकी दर ग्रॅम अल्ब्युमिनमागे 0.08 मिलिमोल. एक ग्रॅम अल्ब्युमिन म्हणजे सुमारे 15 मायक्रोमोल. याचा अर्थ अल्ब्युमिनच्या एका रेणूमागे या स्थिरकांचे प्रत्येकी पाचाहून अधिक रेणू आहेत. त्यातला एक ट्रिप्टोफॅनचाच असल्यामुळे तुम्ही मोजाल तो प्रकाश मुख्यतः त्याचा असेल. दुसरा, म्हणजे कॅप्रिलेट, मेदाम्लाचा असून, आयब्युप्रोफेन आणि डायझेपाम जिथे बसतात ते दुसरे औषधस्थान अडवून बसतो.

प्रबंधाच्या शेवटी 'रक्तातील वहनासाठी उपयुक्त' असे वाक्य लिहिणार असाल, तर तेही जपून लिहा. तुमच्या क्युव्हेटमध्ये अल्ब्युमिन 2 मायक्रोमोलर आहे, निरोगी माणसाच्या रक्तात ते 600 च्या घरात असते. खाल्लेले क्वेर्सेटिनही रक्तात बहुतांशी ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट जोडलेल्या रूपात फिरते. बंधनाचा अर्थ आम्हाला खाटेजवळ कळतो तो फेनिटॉइन या अपस्माराच्या औषधावर असलेल्या रुग्णात. हे औषध सुमारे 90 टक्के अल्ब्युमिनला बांधलेले असते. अल्ब्युमिन उतरले की एकूण पातळीचा अहवाल ठीक दिसतो आणि रुग्णाची नजर मात्र थरथरत असते, तोल जात असतो, कारण मोकळे औषध वाढलेले असते.

एमएस्सी_भाग२

दोघांचेही मनापासून आभार. बाटलीचा विचार सोडून दिला आहे. 295 ला उत्तेजन देऊन आणि दुरुस्ती करून मालिका पुन्हा घेतली. आलेख आता पूर्ण मर्यादेत सरळ येतो. ट्रिप्टोफॅनामाइडच्या मालिकेत दुरुस्तीनंतर घट नगण्य उरली. मात्र सकाळी केलेल्या क्वेर्सेटिनच्या द्रावणाने दुपारी वेगळा आकडा दिला. यात अल्ब्युमिनचा दोष असू शकेल का?

उत्तर ३: पाषाणकर

दोष बहुधा क्वेर्सेटिनचा आहे. पीएच 7.4 च्या बफरमध्ये ते हवेतील ऑक्सिजनने हळूहळू ऑक्सिडाइज होते. मूळ द्रावण डीएमएसओ या द्रावकात करा, ते अंधारात ठेवा, बफरमध्ये ऐनवेळी मिसळा आणि अंतिम नमुन्यात डीएमएसओ एक टक्क्याच्या आत राहील असे पाहा. दुपारच्या द्रावणाचा शोषण वर्णपट सकाळच्या वर्णपटावर ठेवून पाहिलात, तर 370 ची टेकडी बसलेली दिसेल.

अल्ब्युमिनच्या बाटलीवर 'मेदाम्लरहित' असे लिहिले आहे का, तेही तपासा. या प्रथिनात मेदाम्लांसाठी सात जागा आहेत आणि त्या भरल्या की दोन-ए उपक्षेत्राची घडण बदलते. आहे ते अल्ब्युमिन कोणत्याही प्रकारचे असो, सर्व मालिका एकाच लॉटवर करा आणि लॉट क्रमांक प्रबंधात नोंदवा.