सोसायटी २५ टक्के नॉन-ऑक्युपन्सी लावते, काय करावं?

चौथा_मजला: ठाण्यातली नोंदणीकृत हाउसिंग सोसायटी. फ्लॅट भाड्याने दिलाय. मेंटेनन्स ४,२००, त्यावर २५ टक्के म्हणजे १,०५० नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेलं शुल्क). सेक्रेटरी म्हणतात जनरल बॉडीचा ठराव आहे, प्रत मात्र देत नाहीत. वकील नको. पाचशेच्या आत मार्ग सांगा.

जुना_सभासद: ठरावाने काही होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे: कमाल १० टक्के, तेही फक्त सेवा शुल्काच्या. बिलातून मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी), दुरुस्ती निधी बाजूला काढा. सेवा शुल्क २,००० उरलं तर २०० रुपये. बस्स.

स्टिल्ट_पार्किंग: वकील कराच! पाच-सात हजारांत नोटीस जाते. भाडेकरूच्या गाडीचे जादा घेतात का?

गच्ची: पार्किंगसाठी वेगळा धागा काढा हो. बाकी १० टक्केच, वर लिहिलंय तेच.

हिशेबनीस: चिडून मेंटेनन्स थांबवू नका. थकबाकीवर उपविधींप्रमाणे (सोसायटीचे नियम) २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज चढतं आणि त्याच कायद्याच्या कलम १५४ ब-२९ खाली (पूर्वीचं १०१) वसुली दाखला, म्हणजे थकबाकी सक्तीने वसूल करण्याचा आदेश, निघू शकतो. मग मूळ मुद्दा राहतो बाजूला, तुम्ही थकबाकीदार. पूर्ण भरा, त्याच दिवशी 'जादा रक्कम हरकत राखून भरली' असा ईमेल करा. प्रतीचा अर्ज लेखी, पोच सही-शिक्क्यासह. 'सगळं दप्तर द्या' असं मोघम लिहिलं की कमिटीला टाळायला निमित्त मिळतं. कोणत्या सभेचं इतिवृत्त हवं ते तारखेसह मागा. मग तीन महिन्यांची बिलं, अर्जाची पोच आणि तुमचा हिशेब जोडून सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार.

खमंग: एवढं कशाला? सोसायटीवर माहिती अधिकार टाका.

हिशेबनीस: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर सहकारी सोसायटीवर तो थेट चालत नाही. उपनिबंधकांच्या कार्यालयात जे कागद आहेत, ते तिथून मागा.

गच्ची: आणि फ्लॅटमध्ये आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-सून, मुलगी-जावई राहत असतील तर हे शुल्क शून्य. कमिट्या हे सांगत नाहीत.

स्टिल्ट_पार्किंग: पार्किंगचं कुणी बोललंच नाही.

चौथा_मजला: आभार. सेवा शुल्क १,८६० निघालं, म्हणजे १८६ च. उपनिबंधक नकोत, भाडेकरूला त्रास होईल. पुढच्या बिलापासून नॉन-ऑक्युपन्सीचे फक्त १८६ भरणार.

हिशेबनीस: पैसे थांबवू नका, पूर्ण भरा म्हटलं होतं ना!