लिबर्टी बेल नक्की कुणाची? १७७६ वाल्यांची की गुलामगिरी मोडणाऱ्यांची?

देशांतर

माझी मुलगी पाचवीत आहे. मागच्या आठवड्यात तिने शाळेतून रंगवायला एक कागद आणला. तडा गेलेल्या घंटेचं चित्र आणि खाली ओळ: ४ जुलै १७७६ ला ही घंटा वाजली आणि अमेरिका स्वतंत्र झाली. तिने घंटा छान तपकिरी रंगवली. मला मात्र ती ओळ डाचत राहिली. शनिवारी तिला घेऊन फिलाडेल्फियाला गेलो, आमच्याकडून गाडीने सव्वा तास. परत आल्यापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

४ जुलैला काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंजूर केला, एवढंच झालं. लोकांसमोर तो पहिल्यांदा वाचला गेला ८ जुलैला, स्टेट हाउस या फिलाडेल्फियातल्या सरकारी इमारतीच्या मागच्या आवारात. त्या दिवशी गावात घंटा वाजल्या, पण स्टेट हाउसच्या मनोऱ्याची लाकडं तेव्हा इतकी कुजली होती की ही घंटा वाजली का, याची खात्री इतिहासकारही देत नाहीत. म्हातारा घंटावाला वर ताटकळतोय आणि खालून पोरगा "वाजवा, आजोबा!" म्हणून ओरडतोय, ही गोष्ट जॉर्ज लिपार्ड नावाच्या लेखकाने रचली, १८४७ मध्ये. म्हणजे ७१ वर्षांनी.

तिचं "लिबर्टी बेल" हे नावसुद्धा १७७६ चं नाही. तोवर ती नुसती स्टेट हाउसची घंटा. १८२८ मध्ये शहराने जॉन विल्बँक या ओताऱ्याकडून नवी घंटा घेतली, तेव्हा जुनी त्याने मोडीत न्यावी असं ठरलं होतं. सुमारे ९४० किलोचं धूड उतरवून वाहून नेण्याचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त पडतो म्हणून त्याने ती नेली नाही. तिला कुणी पवित्र मानत असतं तर ती मोडीत निघाली असती का?

हे नाव दिलं गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या लोकांनी. १८३५ मध्ये न्यूयॉर्कच्या त्यांच्या मासिकात ते पहिल्यांदा दिसतं. पुढे बोस्टनच्या बायका याच नावाचं वार्षिक काढून जत्रेत विकायच्या आणि तो पैसा चळवळीला द्यायच्या. त्यांना घंटेत काय दिसलं? तिच्यावर कोरलेली बायबलातली ओळ. देशभर, त्यातल्या सगळ्या रहिवाशांसाठी स्वातंत्र्याचा पुकारा करा. लेवीय, २५ वा अध्याय. त्याच वचनात पुढे आहे की पन्नासाव्या वर्षी प्रत्येकाने आपापल्या जमिनीवर, आपापल्या कुटुंबात परत जावं. १७५२ मध्ये लंडनहून आलेल्या घंटेवर "सगळ्या" हा शब्द होता आणि ऐंशी वर्षं तो कुणी मनावर घेतला नव्हता. या लोकांनी घेतला.

४ जुलै २०२६ ला अडीचशे वर्षं होतात. माझं म्हणणं सरळ आहे. ही घंटा १७७६ च्या सोहळ्यातून बाहेर काढा आणि ज्यांनी तिला नाव दिलं त्यांच्या नावाने मुलांना शिकवा.

खडूफळा

मी साताऱ्याकडे तीस वर्षं इतिहास शिकवला, तेव्हा थोडं लांबण लागेल. तुमच्या तपशिलाशी माझं भांडण नाही. तो कागद चूक आहे आणि तुम्ही शाळेला तसं कळवायलाच हवं. पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात तो मला मान्य नाही.

फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामगिरीतून पळालेला माणूस. ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टरमध्ये त्याने गोऱ्या श्रोत्यांना तोंडावर सांगितलं की हा ४ जुलै तुमचा आहे, माझा नाही. तुम्ही आनंद करा, मला शोक करायचाय. हे सगळे सांगतात. त्याच भाषणात त्याने जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांना शूर म्हटलंय आणि राज्यघटनेला स्वातंत्र्याचा उज्ज्वल दस्तऐवज म्हटलंय, हे सहसा कुणी सांगत नाही. त्याने १७७६ टाकून दिलं नाही. तुम्ही लिहून दिलेलं शब्दाला शब्द वसूल करायला आलोय, असा त्याचा पवित्रा होता.

लिंकनचं बघा. १८६३ मध्ये, गुलामगिरीवरून पेटलेल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, गेटिसबर्गच्या युद्धभूमीवर तो उभा राहिला आणि पहिल्याच वाक्यात ८७ वर्षं मागे गेला. वजाबाकी करा, १७७६ येतं. राज्यघटना १७८७ ची, पण तिच्यात गुलामगिरी मुरलेली, म्हणून त्याने मोजायला सुरुवात केली ती "सर्व माणसं समान" म्हणणाऱ्या कागदापासून.

जाहीरनामा लिहिणारा जेफरसन आयुष्यभर गुलाम बाळगून होता, हे मी वर्गात कधी लपवलं नाही. त्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर टीका करणारा परिच्छेद होता आणि काँग्रेसने तो काढला, हेही सांगायचो. तरी "सर्व माणसं समान" हे वाक्य कागदावर उरलं. ते नसतं तर १८३५ च्या लोकांनी बोट कशावर ठेवलं असतं?

सडेतोड

दोघंही घंटेला फार मोठं करताय. घंटा ज्याच्या हातात, त्याच्या नावाने वाजते.

१८८५ मध्ये ही घंटा आगगाडीवर चढवून न्यू ऑर्लीन्सच्या प्रदर्शनाला नेली. वाटेत मिसिसिपीत बिलॉक्सीला तिला वंदन करायला कोण आलं? जेफरसन डेव्हिस. गुलामगिरी टिकवण्यासाठी यादवी युद्धात दक्षिणेचं जे वेगळं राज्य उभं राहिलं, त्याचा अध्यक्ष. त्याने घंटेसमोर भाषण केलं, देशाच्या एकीचं. चळवळीने दिलेला अर्थ पन्नास वर्षांत कुठे गेला? उत्तर-दक्षिणेच्या गोऱ्यांची गळाभेट झाली आणि ज्यांच्यासाठी युद्ध झालं ते बाजूला उभे.

देशांतर, आता जिथे घंटा ठेवली आहे त्याच्या दारातच पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचं घर होतं. त्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत, याचं आश्चर्य वाटलं.

देशांतर

पहिली पोस्ट फार लांबली म्हणून राहिलं, पण तुमचं बरोबर आहे, ते आधी यायला हवं होतं.

वॉशिंग्टन १७९० ते १७९७ तिथे राहिला, राष्ट्राध्यक्ष म्हणून. घरात नऊ गुलाम होते. पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा असा होता की बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राज्यात राहिला तर तो स्वातंत्र्य मागू शकतो. म्हणून सहा महिने भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचे आणि दिवस पुन्हा एकापासून मोजायचे. मे १७९६ मध्ये त्या घरातली ओना जज घरचे जेवायला बसलेले असताना बाहेर पडली, जहाजाने न्यू हॅम्पशरला पोचली आणि वॉशिंग्टनने माणसं पाठवूनही परत गेली नाही. १८४८ पर्यंत जगली.

नऊ जणांची नावं तिथे दगडी भिंतीत कोरली आहेत. मुलीने बोट फिरवत एकेक वाचलं. ओनाच्या नावापाशी थांबून विचारलं, "बाबा, हिने घंटा ऐकली असेल का?" मी म्हटलं, ऐकलीच असणार, एवढ्या जवळ राहायची.

आणि हेही सांगतो. आपण चित्रात बघतो ती रुंद फट म्हणजे तडा नाही. ती दुरुस्ती आहे. १८४६ मध्ये तडा वाढू नये, कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून कारागिरांनी ती गिरमिटाने कोरून रुंद केली. आत वाकून पाहिलं तर गिरमिटाच्या खुणा एकाखाली एक दिसतात. त्यानंतर वॉशिंग्टनच्या जयंतीला वाजवली तेव्हा दुसरा तडा गेला आणि ती कायमची गप्प झाली. हा दुसरा तडा केसासारखा बारीक आहे. खाली फिलाडेल्फियाच्या नावापासून निघतो आणि वर "लिबर्टी" या शब्दातून जातो. मला तो दिसेना, मुलीने दाखवला.

उंबरठा

सडेतोड, घंटा ज्याच्या हातात त्याची, हे पटत नाही, कारण ज्यांच्या हातात ती कधीच नव्हती त्यांनी काय केलं ते ऐका.

१९१५ मध्ये पेनसिल्व्हेनियात बायकांच्या मताधिकारावर मतदान होतं. मत देणार फक्त पुरुष. कॅथरीन रुशेनबर्गर या बाईने हुबेहूब लिबर्टी बेलसारखी घंटा ओतून घेतली, पण लोलक साखळीने बांधून टाकला. बायकांना मत मिळेपर्यंत ही घंटा वाजणार नाही. ट्रकवर चढवून ती राज्याच्या सगळ्या ६७ काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, फिरवली. कल्पना करा, गावात एवढी मोठी घंटा येते, माणसं जमतात आणि ती मुकी. मला तर नुसतं वाचूनच गलबलून आलं. साखळी सुटली १९२० मध्ये, १९ वी घटनादुरुस्ती झाल्यावर, त्याच जुन्या स्टेट हाउससमोर.

आता देशांतरदादा, तुमच्याशी भांडण. घंटा १८३५ वाल्यांची असं म्हणून तुम्ही तिला पुन्हा एका घरात कोंडताय. मग १९१५ च्या बायकांनी ती कोणत्या हक्काने मागितली? "सगळ्या रहिवाशांसाठी" लिहिलंय ना, मग तिच्यावर कुणाचंच नाव घालू नका, चळवळीचंसुद्धा नको.

सडेतोड

ताई, साखळीची गोष्ट मलाही भिडली. पण १९१५ चं ते मतदान बायका हरल्या. मत मिळालं ते घटनादुरुस्तीने, मुक्या घंटेने नाही. आणि १९२० नंतरही दक्षिणेतल्या काळ्या बायकांना साक्षरतेच्या परीक्षा आणि धाकदपटशा यांनी मतपेटीपर्यंत येऊ दिलं नाही. त्यासाठी १९६५ चा मतदान हक्काचा कायदा यावा लागला. माझा आग्रह आहे की मुलांना कायदे शिकवा, ते कुणी अडवले आणि कुणी मार खाऊन मिळवले ते शिकवा. घंटा रंगवून मूल देशप्रेमी होतं, नागरिक होत नाही.

देशांतर

उंबरठाताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. "कुणाची" हा शब्द मी चुकीचा वापरला, हे मान्य.

पण सर, तुमच्याशी अजून संपलेलं नाही. तुम्ही साताऱ्याचे, जोतिबा फुले तुमच्याच जिल्ह्यातल्या कटगुणच्या घराण्यातले. १८७३ मध्ये "गुलामगिरी" छापताना त्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या सत्पुरुषांना अर्पण केलं. कशासाठी? निग्रो गुलामांना दास्यातून मोकळं करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्यासाठी, स्वार्थत्यागासाठी. वॉशिंग्टनला नाही, जेफरसनला नाही. पुण्यात बसलेल्या माणसाला सात समुद्रापलीकडच्या त्या देशाकडून काय घ्यायचं ते नेमकं कळलं होतं आणि आपले देशबांधव हा कित्ता गिरवतील अशी आशाही त्यांनी तिथेच लिहून ठेवली. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मुलांना ४ जुलैचे फटाके माहीत असतात, ही अर्पणपत्रिका माहीत नसते. मला याचं खरंच वाईट वाटतं.

खडूफळा

अर्पणपत्रिका वर्गात मी दरवर्षी वाचून दाखवायचो, त्यामुळे हा मुद्दा तुम्ही काढलात याचा आनंद झाला. पण त्याच जोतिरावांच्या हातात तरुणपणी कोणतं पुस्तक पडलं होतं? टॉमस पेनचं "राइट्स ऑफ मॅन". आणि पेन म्हणजे जानेवारी १७७६ मध्ये फिलाडेल्फियात "कॉमन सेन्स" ही पुस्तिका छापून वसाहतींना स्वातंत्र्य मागायला लावणारा माणूस. तुमच्या घंटेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर ती छापली गेली. जोतिरावांनी १७७६ चा पेन घेतला आणि १८६५ ची मुक्तीही घेतली. त्यांना यातलं एक सोडावं लागलं नाही, मग तुमच्या मुलीला का सोडायला लावता?

सडेतोडांचं कायद्यांबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त दहा वर्षांच्या मुलाला आधी घंटा दाखवावी लागते, कायदा मग शिकवता येतो. हा माझा अनुभव.

देशांतर

पेनचं डोक्यात आलं नव्हतं, सर. यावर विचार करावा लागेल, आत्ता घाईने उत्तर देत नाही.

शाळेच्या बाईंना काल चिठ्ठी दिली. ४ जुलैची ओळ काढून ८ जुलैचं वाचन आणि १८३५ चं नाव, एवढं तरी मुलांना सांगावं अशी विनंती केली आहे. आणखी एक ठरवलंय. रिचर्ड रॉबर्ट राइट हे जॉर्जियात गुलामगिरीत जन्मले आणि पुढे फिलाडेल्फियात बँक चालवत होते. लिंकनने १ फेब्रुवारी १८६५ ला गुलामगिरी संपवणाऱ्या ठरावावर सही केली, तो दिवस पाळला जावा म्हणून त्यांनी १९४२ मध्ये या घंटेपाशी पुष्पचक्र ठेवायला सुरुवात केली. येत्या १ फेब्रुवारीला आम्ही दोघं जाणार आहोत. थंडी फार असते, पण मुलीनेच विचारलं, आपणही फुलं नेऊ शकतो का?