मदत हवी आहे: रोज आभार लिहायची सवय टिकत नाहीये

नमस्कार मंडळी, मी शिरपूरकडची, घरी केळीची शेती. दोन महिन्यांपासून झोपताना वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहिते, पहिले पंधरा दिवस भारी गेले, झोपपण शांत लागायची, पण आता रोज तेच तेच येतंय, पाणी आलं, लाईट टिकली, सासूबाईंचं बीपी नॉर्मल, हजेरी भरल्यासारखं वाटतं. वादळात बाग आडवी झाली त्या रात्री तर वही बघूनच राग आला.

वाचलंय की एमन्स आणि मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात एका गटाने आठवड्यातून एकदाच, १० आठवडे, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं. मग रोजचा हट्ट सोडू का? की वही ठेवून सरळ माणसालाच सांगू? पण आमच्याकडे तशी पद्धतच नाही हो, सासूबाईंना म्हटलं आज भरीत मस्त झालं, तर संशयाने बघत म्हणे "काय काम शे तुनं?" 😄

कोणी पाच-सहा महिने टिकवलंय का? नेमकं काय लिहिता, आणि वाईट दिवशी काय करता?