विषय: ब्राइसच्या मुक्कामात एक दिवस धबधब्याला?

नमस्कार मंडळी,

मेमोरियल डेच्या सुट्टीत आपण युटामधल्या ब्राइस कॅनियनला तीन रात्री आहोत आणि मधला रविवार मोकळा आहे. ॲरिझोनातल्या हवासू धबधब्याच्या निळ्या-हिरव्या पाण्याचे फोटो पाहिल्यापासून लेकीने तिथेच जायचा धोशा लावलाय. पहाटे निघून रात्री परत येता येईल का? सोबत आई आहे, वय ६६. रोज चालते, पण गुडघे जपावे लागतात.

---

ताई, नमस्कार.

हवासू एका दिवसात होणार नाही. अंतराचा प्रश्न नंतरचा, तिथे दिवसापुरतं जायला परवानगीच नाही. ती जमीन हवासुपाई या मूळनिवासी लोकांची. आधी आरक्षण करून मुक्कामाला येणाऱ्यांनाच ते आत घेतात. हुआलापाई हिलटॉप या कड्यावरच्या गाडीतळापासून ८ मैल उतरलं की सुपाई गाव, आणि कॅम्पग्राउंड तिथून आणखी २ मैल. गावात मोटार पोचत नाही, टपालसुद्धा खेचरांवरून येतं. हवासुपाई या नावाचा अर्थच निळ्या-हिरव्या पाण्याची माणसं. पिढ्यान् पिढ्या जिथे वावरले ती पठारावरची बरीचशी जमीन त्यांना १९७५ मध्ये कुठे परत मिळाली. त्यामुळे ‘कोण बघतंय, जाऊन येऊ’ हा विचार मंडळाच्या सहलीत कुणीही करू नये, ही कळकळीची विनंती. लेकीला सांगा, पुढच्या वर्षी रीतसर आरक्षण करून जाऊ. मी सोबत येईन.

या रविवारी लोअर काफ क्रीक फॉल्सला चला. ब्राइसहून हायवे १२ ने सुमारे दीड तास, एस्कलांटे गावाच्या पुढे. जाऊन-येऊन ६ मैल, चढ फारसा नाही. पूर्वी इथल्या वसाहतवाल्यांनी या घळीत वासरं ठेवली, दोन्ही बाजूंना कडे असल्यामुळे आयता गोठाच! काफ म्हणजे वासरू, त्यावरून हे नाव पडलं. शेवटी १२६ फुटांवरून पाणी पडतं. वाळवंटात बारा महिने पाणी कसं, असं मलाही वाटायचं. वरचा नावाहो वालुकाश्म पावसाचं पाणी शोषून घेतो आणि खालच्या घट्ट थरापाशी ते झऱ्यांनी बाहेर येतं.

---

काकांच्या म्हणण्याला माझा दुजोरा. गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्याही साठीच्या पुढच्या. ताई, आईंना चढ नाही त्रास देणार, वाळू देईल. बऱ्याच ठिकाणी पाऊल घोट्यापर्यंत रुततं आणि दोन पावलांचं काम तीन पावलांत होतं. काठ्या दोन्ही हातांत द्या. आम्हाला एकूण साडेपाच तास लागले.

आमची चूकही सांगते. आम्ही माणशी एकच बाटली घेतली आणि निघालो साडेदहाला. परतीच्या वाटेवर ऊन डोक्यावर, सावली नाही, बाटल्या रिकाम्या. सासूबाईंच्या ओठांना कोरड पडली तेव्हा माझं धाबं दणाणलं. एका कुटुंबाने पाणी दिलं म्हणून निभावलं. माणशी ३ लिटर घ्याच, आणि मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत वेगळं. सातला चालायला लागा. पार्किंग लहान आहे, सुट्टीत लवकर भरतं.

वाटेत पलीकडच्या कड्यावर लाल रंगात तीन मानवी आकृत्या आहेत, खांद्याला खांदा लावून उभ्या. फ्रेमॉन्ट या इथल्या प्राचीन लोकांनी काढलेल्या. दुर्बीण असेल तर आणा, मुलं हरखतील. खाली बीव्हर या प्राण्याने बांध घालून अडवलेलं पाणीही दिसतं.

आणि धबधबा! शेवटच्या वळणावर आधी गारवा येतो, मग आवाज. कड्यावरून काळे, गंजलेले, शेवाळी ओघळ उतरलेले, त्यांच्यावरून पाणी घसरत येतं. सासूबाईंनी ओल्या दगडाला हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. पाणी मात्र बर्फासारखं, मुलांना एकदम उडी मारू देऊ नका.

---

ठरलं. लेक आधी हिरमुसली, पण तीन आकृत्यांचं वाचून दुर्बीण शोधायला लागलीय. आईसाठी काठ्या आणते. पाऊस आला तर?

---

शनिवारी रात्री हवामान पाहून मी मेल टाकतो. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी मैलोगणती दूर पडलेल्या पावसाचा लोंढा घळीत येऊ शकतो. पुराचा इशारा असेल तर घळीत उतरायचं नाही, ब्राइसलाच कड्यावरून फिरू. नाहीतर पहाटे पाचला हॉटेलच्या दारात. माझ्या गाडीत दोन जागा आहेत, आईंना पुढे बसवा.