‘प्रेमळ देव’ म्हणावे की आणखी काही? दुःखाच्या प्रश्नातील एका शब्दाविषयी

प्रश्न

एका व्याख्यानाचा मराठी मसुदा तपासताना पुढील वाक्यापाशी अडलो आहे : ‘जगात इतके दुःख असताना प्रेमळ देवावर विश्वास कसा ठेवावा?’ वाक्याचा अर्थ स्वच्छ आहे, परंतु ‘प्रेमळ देव’ हे शब्द वाचताना खटकतात. ‘प्रेमळ’ हे विशेषण आपण आजीला लावतो, एखाद्या शिक्षकाला लावतो. त्यात स्वभावाचा गोडवा आहे, पण ज्याच्या हाती सगळी सृष्टी आहे त्याला जाब विचारावा एवढे वजन त्यात नाही. ‘दयाळू’ लिहिले तर प्रेमाच्या जागी उपकार येऊन बसतो, आणि ‘कृपाळू’ लिहिले तर वाक्य आरतीतले वाटू लागते. मराठी माणूस हा प्रश्न मनापासून विचारतो तेव्हा देवाला कोणते विशेषण लावतो, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

‘प्रेमळ’ बदलू नये असे माझे मत आहे. मराठी बायबलात ‘देव प्रीती आहे’ असे वाक्य आहे. तेथे विशेषण नाही, नाम आहे, आणि त्यामुळेच ते ठसते. आपल्या व्याख्यात्यांचा रोख ख्रिस्ती विचाराकडे असेल तर ‘प्रीती’ हा शब्द वापरून वाक्य फिरवता येईल. तसे नसेल तर ‘दयाघन’ पाहावा.

प्रतिसाद २

‘दयाघन’ सुंदर आहे, पण तो स्तुतीचा शब्द आहे, आणि येथे तर तक्रार मांडायची आहे. म्हणून थोडे उलट्या बाजूने जावे असे सुचवतो. देवाला कोणते चांगले विशेषण लावावे हे शोधण्याआधी, त्याच्यावर आरोप करताना आपल्या परंपरेने कोणते वाईट विशेषण लावले ते पाहावे. ते विशेषण आहे ‘निर्घृण’.

आज हा शब्द बहुधा ‘निर्घृण हत्या’ या जोडीतच भेटतो. त्याची फोड करायला गेले की घोटाळा होतो, कारण आजच्या मराठीत घृणा म्हणजे किळस किंवा तिरस्कार. मग निर्घृण म्हणजे ज्याला किळस वाटत नाही तो, असे होईल, आणि हत्येच्या संदर्भात ते काहीसे जुळतेही. मूळ अर्थ मात्र तो नाही. अमरकोशात, म्हणजे संस्कृत समानार्थी शब्दांच्या जुन्या कोशात, कारुण्य, करुणा, घृणा, कृपा, दया, अनुकंपा आणि अनुक्रोश हे शब्द एका ओळीत समानार्थी म्हणून दिले आहेत. त्याच कोशाच्या नानार्थ वर्गात, म्हणजे अनेकार्थी शब्दांच्या भागात, घृणेचे जुगुप्सा आणि करुणा असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. दुसऱ्याचे हाल पाहून माणसाच्या आत जे ढवळून निघते त्याला घृणा म्हणत असावेत. ते ढवळणे त्या माणसाकडे ओढून नेते की त्याच्यापासून दूर लोटते, एवढाच काय तो फरक. नामाने पुढे किळस तेवढी ठेवून घेतली आणि विशेषणात करुणा गोठून राहिली. निर्घृण म्हणजे ज्याच्या आत काहीच हलत नाही तो.

आता मुख्य मुद्दा. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या पादात ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’ असे सुरू होणारे चौतिसावे सूत्र आहे. जग जर ईश्वराने केले असेल तर त्याच्यावर दोन दोष येतात : वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्घृणपणा. शंकराचार्यांनी भाष्यात पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप घेणाऱ्याची बाजू, मांडताना हातचे काही राखलेले नाही. देवांना अत्यंत सुख, पशूंना अत्यंत दुःख आणि माणसांना मधले काहीतरी देणारा ईश्वर रागद्वेष असलेल्या सामान्य माणसासारखाच ठरेल, आणि प्राण्यांना दुःखाशी बांधून शेवटी सर्वांचा संहार करणाऱ्या ईश्वराच्या माथी दुष्टांनीही निंदावा असा निर्घृणपणा येईल, असे तो पूर्वपक्षी म्हणतो. आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, तो बाहेरून आला, असे अधूनमधून ऐकू येते. त्यावर उत्तर म्हणून एवढे पुरेसे आहे.

उत्तर एका शब्दात आहे : ‘सापेक्षत्वात्’. ईश्वर प्राण्यांच्या धर्माधर्माची, म्हणजे त्यांच्या पुण्यपापाची, अपेक्षा ठेवून सृष्टी करतो, म्हणून दोष त्याचा नाही. शंकराचार्य पर्जन्याचा दृष्टान्त देतात. पाऊस भाताला आणि सातूला सारखाच कारण असतो, परंतु भात भात होतो आणि सातू सातू होतो ते बीजातील सामर्थ्यामुळे. सृष्टीच्या आरंभी कर्मच नव्हते, मग पहिला भेद कोठून आला, ही शंका लगेच पुढच्या सूत्रात येते आणि संसार अनादी आहे असे तिचे उत्तर मिळते.

हे उत्तर वैषम्याचा आरोप बऱ्याच अंशी पुसते, हे मान्य करावे लागेल. पाऊस पक्षपात करत नाही. पण नैर्घृण्याचे काय? पावसाला कोणाविषयी काही वाटतही नाही. एका दोषातून ईश्वराला सोडवणारा दृष्टान्तच त्याला दुसऱ्या दोषाच्या जवळ नेऊन उभा करतो, असे मला पूर्वीपासून वाटत आले आहे. (भाष्यकारांना येथे सृष्टीचे कारण सिद्ध करायचे आहे, भक्ताचे सांत्वन करायचे नाही, हे लक्षात आहे. त्यामुळे ही त्यांच्यावर टीका नव्हे.)

युरोपात या प्रश्नाला ‘थिऑडिसी’ हे नाव जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने दिले आणि त्याच नावाचा ग्रंथ १७१० मध्ये प्रसिद्ध केला. तो शब्द ग्रीकमधील देव आणि न्याय या दोन शब्दांपासून बनवला आहे. म्हणजे त्या नावातच कोर्ट आहे : देव आरोपी, तत्त्वज्ञ वकील. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सर्व संतांच्या सणाला चर्चे भरलेली असताना लिस्बनमध्ये भूकंप झाला आणि त्यामागून समुद्राची लाट आणि आग आली. तेव्हा ही वकिली किती जणांना असह्य झाली ते सर्वश्रुत आहे. आपल्या सूत्राने मात्र न्याय आणि काळीज हे दोन मुद्दे सुरुवातीपासून वेगळे ठेवले होते. म्हणून आपल्या वाक्यात ‘न्यायी’ नको आणि ‘प्रेमळ’ही अपुरा आहे. ‘देव निर्घृण नाही असे कशावरून म्हणावे?’ असा प्रश्न केला तर तो नेमका होईल.

प्रतिसाद ३

वरील विवेचन उद्बोधक आहे, परंतु ‘निर्घृण’ शब्दाने श्रोत्यांना खुनाची बातमी आठवेल. शिवाय साधी माणसे देवाला निर्घृण म्हणत नाहीत. उलट भाषाच देवाला वाचवत असते, आणि या चर्चेत ते यायला हवे म्हणून लिहितो.

‘भोग’ हा शब्द घ्या. भुज् धातूपासून आलेला हा शब्द सुखालाही लागतो आणि दुःखालाही. सुख भोगतात, शिक्षाही भोगतात. पण ‘भोग आले’ असे नुसते म्हटले की दुःखच समजायचे, आणि त्या दोन शब्दांत देणारा कोणी नाही, फक्त घेणारा आहे. ‘दैव’ तर सरळ देवापासून आलेला शब्द, पण वापरात तो देवापासून तुटला आहे. कोणाचे वाईट झाले तर ते ‘दुर्दैव’ असते, त्यात देवाला कोणी ओढत नाही. ‘देव देतो आणि कर्म नेते’ ही म्हण पाहा : येणारे सगळे देवाच्या खाती जमा आणि जाणारे सगळे आपल्या खाती खर्च. इतकी एकतर्फी खतावणी दुसरीकडे चालली नसती.

मृत्यूच्या वेळी मात्र ही व्यवस्था मोडते. तेव्हा आपणच ‘देवाज्ञा झाली’, ‘देवाने नेले’ असे म्हणतो. काही वर्षांपूर्वी नात्यातील एका घरी सात वर्षांचा मुलगा तापाने गेला. भेटायला आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ‘जो आवडतो सर्वांना तोचि आवडे देवाला’ हे ठरलेले वाक्य म्हटले. मुलाची आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर त्याच्या गणवेशाचा सदरा होता आणि त्याचे एक सैल झालेले बटण ती दोन बोटांत धरून पिळत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘देवाला आवडला असेल हो काका, पण मला कुठे नावडता होता?’ त्या गृहस्थांनी पुढे काही म्हटले नाही. ते तेथेच बराच वेळ बसून राहिले, आणि तेवढेच त्यांनी बरे केले.

त्या बाईंनी देवाला ना निर्घृण म्हटले, ना दयाळू. ‘आवडणे’ हे क्रियापद दोघांना सारखेच लावून तिने त्याला आपल्या पातळीवर आणले. आपल्या वाक्यात विशेषण असावेच, असा आग्रह कशासाठी?

प्रतिसाद ४ (प्रतिसाद २ लिहिणाऱ्याकडून)

आपला शेवटचा प्रश्न मला निरुत्तर करणारा आहे, आणि त्या आईचे वाक्य माझ्या सगळ्या व्युत्पत्तीपेक्षा भारी आहे. ‘निर्घृण’ व्याख्यानात नको, हेही मान्य. तरी त्या शब्दामागची कल्पना सोडवत नाही, म्हणून दयेच्या शब्दांकडे पुन्हा पाहिले.

अमरकोशाच्या त्या ओळीतील शब्द एकेक करून उलगडले तर उपकाराचा वास फार थोड्यांना येतो. ‘अनुकंपा’ म्हणजे दुसऱ्याच्या कंपासोबत कापणे (आता तो शब्द सरकारी नोकरीच्या अर्जात जाऊन बसला आहे, ते सोडा). ‘अनुक्रोश’ म्हणजे दुसऱ्याच्या रडण्यामागोमाग रडणे. त्याचा भाऊ ‘आक्रोश’ मराठीत टिकला आणि अनुक्रोश मात्र गेला. या अदलाबदलीचे मला वाईट वाटते. ‘कृपा’ शब्दाच्या मुळाशी असलेल्या वैदिक धातूचा अर्थ शोक करणे असा आहे, आणि ‘कृपण’ हा शब्दही त्याच कुळातला : आधी दीनवाणा आणि नंतर कंजूष. ‘करुणा’ तर दोन्ही तीरांवर असते. देवाजवळ असते ती करुणा, आणि भक्त देवापुढे जी भाकतो तीही करुणाच. रामदासांच्या करुणाष्टकांतील करुणा देवाची नव्हे, ती विनवणाऱ्याची आर्तता आहे. अरबीत ‘रहमान’ आणि ‘रहीम’ ज्या धातूपासून आले त्याच धातूपासून गर्भाशयाचा शब्द आला आहे, आणि हिब्रूतही तसेच आहे. ‘माउली’ हाक मारणाऱ्या भाषेला हे समजावून सांगावे लागत नाही.

पण हे सगळे संस्कृताचे किंवा परक्या भाषांचे झाले. मराठीचा स्वतःचा शब्द आपण कोणीच पुढे केला नाही, याचे आश्चर्य वाटते. तो म्हणजे ‘कळवळा’. ‘पोटात कळ येऊन तो कळवळला’ असे आपण म्हणतो, आणि ‘त्याला पाहून तिचा जीव कळवळला’ असेही म्हणतो. ज्याला दुखते आहे आणि ज्याला ते पाहवत नाही, अशा दोघांसाठी क्रियापद एकच. तुकारामांनी ‘कळवळ्याची जाती’ म्हटले ते लाभावीण प्रीती करणाऱ्या आईविषयी. प्रेम आणि दया यांच्यामधली जी जागा मूळ प्रश्नकर्त्यांना सापडत नव्हती ती हीच असावी. प्रेमळ माणूस दुरूनही प्रेमळ असू शकतो, दयाळू माणूस तर बहुधा वरच्या पायरीवर उभा असतो, पण कळवळा आलेल्या माणसाला जवळ यावेच लागते.

साध्या माणसांची भाषा देवाला वाचवते, हे प्रतिसाद ३ मधील निरीक्षण खरे आहे. संतांनी मात्र त्याला वाचवले नाही. नामदेवांनी ‘पतितपावन’ हे नाव ऐकून दारी आलो आणि ते नाव खोटे निघाले म्हणून माघारी जातो, असे त्याला तोंडावर सुनावले. यातील शब्द आहे ‘ब्रीद’, म्हणजे बिरुद : स्वतः मिरवलेले आणि म्हणून पाळावे लागणारे नाव. दुष्काळात ज्यांची बायको ‘अन्न अन्न’ करीत गेली त्या तुकारामांनी ‘माझे लेखी देव मेला’ असेही म्हटले आहे. ही अश्रद्धा नव्हे, आणि सांत्वनही नव्हे. पर्जन्यासारख्या ईश्वराशी कोणी असे भांडत नाही. ज्याला कळवळा असायलाच हवा अशी खात्री आहे आणि तो दिसत नाही, त्याच्याशीच असे भांडता येते. त्यामुळे ‘दुःख आहे तर विश्वास कसा’ या वाक्यातील ‘तर’ मराठीत नेहमी तितका पक्का बसत नाही. येथे दुःख आणि विश्वास एकाच तक्रारीत नांदताना दिसतात.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. वाक्य आता असे केले आहे : ‘जगात इतके दुःख पाहूनही देवाला आपला कळवळा आहे असे म्हणवत असेल, तर ते कशाच्या बळावर?’ व्याख्यात्यांना ‘कळवळा’ व्याख्यानाच्या मानाने घरगुती वाटला. त्यांना ‘करुणामय’ हवा होता. त्यांना मी प्रतिसाद ३ मधील आईचा प्रसंग वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग वाक्य तसेच ठेवा म्हणाले. ‘निर्घृण’ मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने समासात लिहून घेतला आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.